सोरान अजून जेवतेच आहे

सहावा महिना, चौथा दिवस

आणि वर शिव्या मलाच! गोष्ट लिहिली नदीपलीकडच्या कुठल्यातरी उपाशी पंडिताने, ती रेंगाळली त्याच्यामुळे, आणि बाराव्या भागाच्या समासात लिहून काय आलंय? "दुकानवाली डुकरिणीसारखी हावरट आहे." खाली दुसऱ्या हाताने, "डुकरिणीचा अपमान करू नये." त्याखाली तिसऱ्याने डुकरीणच काढलीय. चित्र बरं जमलंय, खोटं कशाला बोलू. डोक्यावर अंबाडा माझ्यासारखाच आहे.

प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर मी आमच्या ह्यांच्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेते, की वाचकांनी कृपा करून पुस्तकात काही लिहू नये. सगळ्यात जास्त मजकूर त्या ओळीखालीच असतो.

मला कोणी शाळेत घातलं नाही. भावाला चिनी अक्षरं शिकवायला मास्तर यायचे तेव्हा मी चुलीपाशी. आपली साधी अक्षरं मी लग्नानंतर या दुकानात, भाड्याच्या पुस्तकांवरून शिकले. म्हणजे आधी समासातल्या शिव्या वाचता यायला लागल्या, गोष्टी मागाहून. आता नक्कल करताना बिघडलेल्या पानांच्या पाठीवर हे लिहितेय, कारण ज्याच्यावर ओरडायचं तो पंडित कधी समोर येत नाही, आणि आमच्या ह्यांच्यावर ओरडलं की ते झोपतात.

धंदा साधा आहे. लोक घरातलं पितळी भांडं नाहीतर अंबाड्याची चांदीची काडी तारण ठेवतात, एक भाग नेतात, वाचून भाड्यासकट आणतात, पुढचा नेतात. हे नकला काढतात. पानं टिकावीत म्हणून त्यांना तेल लावणं, शिवणं माझ्याकडे. आणि गोष्ट कुठे कापायची हे फक्त माझ्याकडे. दहाव्या भागात आमची सोरान, म्हणजे खोट्या आळामुळे सीमेवर हद्दपार झालेल्या बापाला शोधायला पुरुषाच्या वेशात निघालेली पोरगी, नावेत बसली. मधल्या धारेत नावाड्याने सुरा काढला. मी तिथे कापलं. दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आधी दारात बायका.

अकराव्या भागात पंडिताने काय केलं? नावाड्याने त्या सुऱ्याने मुळा चिरला.

मुळा! मग पैलतीरी सगळे खानावळीत जेवायला बसले. बारावा भाग संपला, सोरान अजून जेवतेच आहे. लोणच्यांचीच पाच पानं आहेत. माझ्या घरी लोणच्याचा एक रांजण आहे, त्यात मुळा आहे, आणि त्याबद्दल मला आजवर अर्धी ओळ सुचलेली नाही.

सहावा महिना, नववा दिवस

लोक शेवटापर्यंत वाचतात की नाही हे लोकांना विचारायचं नसतं. विचारलं की सगळे म्हणतात, वा, काय सुंदर. पान विचारायचं. पान उलटताना माणूस बोटाला थुंकी लावतो आणि खालचा कोपरा धरतो. म्हणून आमचे हे त्या कोपऱ्यातल्या ओळी आखूड ठेवतात, नाहीतर अक्षरं पुसली जातात. महिन्याभरात कोपरा काळा पडतो. काळा म्हणजे वाचलं.

आज बसून सगळे भाग काढून पाहिले. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत शेवटचं पान कोळशासारखं. नावाड्याच्या पानावर तर अख्खा पंजा उमटलाय, कोणाची तरी भाजी करपली असणार त्या दिवशी. अकरावा निम्म्यापर्यंत काळा. बारावा सहाव्या पानापर्यंत, पुढे नव्या नवरीसारखा स्वच्छ.

हे ह्यांना दाखवलं. ते शाई घोटत होते. म्हणाले, "वसंतात पंडितांना निरोप कोणी पाठवला होता? गोष्ट चांगली चाललीय, लांबवा म्हणून?"

"लांबवा म्हटलं होतं. पातळ करा म्हटलं नव्हतं."

"मग तसं सांगायचं."

"तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"मी लोणच्याची पाच पानं दोनदा लिहिलीत," ते म्हणाले. "मला बाजू नाही. मला भूक आहे."

मी इतकी वर्षं समजत होते की वाचक धरून ठेवतो तो माझा काप. सुरा निघाला की थांबा, दार वाजलं की थांबा, पत्र फोडलं की थांबा. त्यात चूक नाहीच. पण सुऱ्यानंतर मुळा निघाला की पुढच्या सुऱ्यावर कोण विश्वास ठेवतो? गिऱ्हाईक एकदा फसतं. दुसऱ्यांदा ते आपलं भांडं मागतं.

सहावा महिना, दहावा दिवस

दिवसभर पाऊस. पुस्तकांना बुरशी येऊ नये म्हणून खालून धग देऊन शेकलेल्या जमिनीवर मांडून ठेवलीत. आमचे हेही त्यांच्यात आडवे. कोणालाही उलटवलं तरी फरक पडत नाही.

सहावा महिना, सतरावा दिवस

साम्वोल आली. नामगुंग घराण्याची जुनी मोलकरीण. हिच्याकडे दोन कामं. एक, त्या घरच्या मोठ्या बाईसाहेबांसाठी भाग नेणं-आणणं. बाईसाहेबांची चांदीची काडी माझ्याकडे तारण आहे, म्हणून नव्या भागाची पहिली प्रत त्यांना. दुसरं, पंडिताचं लिखाण मला आणून देणं. पंडित नदीपलीकडचा, एवढंच सांगते; कोण, राहतो कुठे, विचारलं की हिचं तोंड शिवलेलं. मी चिकट तांदळाचा लाडू पुढे करते. ती लाडू खाते आणि पुन्हा तोंड शिवून घेते.

आज चौदाव्या भागाचं बाड आणलंन. मी उभ्या उभ्या वाचलं. सोरानसमोर भाजलेला मासा आला. मासा कुठल्या नदीतला, तो पकडणाऱ्याचं लग्न कसं मोडलं, ज्या मुलीशी मोडलं तिच्या मावशीला भरतकाम किती छान येतं.

"साम्वोल, तुझ्या पंडिताला काही दुखतंय का?"

"नाही काकू."

"डोक्यावर पडलाय?"

"नाही हो."

"मग त्याला सांग, सोरान कुठे निघाली होती ते तिला आठवतं का बघ. बाप निघाली होती शोधायला. बाप! माशाच्या पोटात आहे का तो?"

साम्वोल खाली बघायला लागली. "घाई नका करू हो काकू. आमच्या मोठ्या बाईसाहेबांचं दुखणं फार झालंय. हिवाळ्यातच वैद्यांनी हात टेकले होते. पण बाईसाहेब म्हणाल्या, सोरानला बाप भेटल्याशिवाय मी काही डोळे मिटत नाही. त्यावर आहेत बघा."

"बऱ्या आहेत ना अजून? मग झालं. मोठ्या घरची दुखणी अशीच असतात, मऊ गादीवर पडून चिलगोज्याची पेज प्यायची. इथे माझं दुकान मरतंय, त्याला वैद्य आहे का तुझ्याकडे?"

 ती तेरावा भाग घेऊन गेली. एखादं लेकरू नेतात तसं, पदराखाली.

दुसऱ्याच्या दुखण्याची इतकी काळजी आणि माझ्या धंद्याची कोणालाच नाही. बाईसाहेब आजारी आहेत त्याचा आणि पंडिताच्या माशाचा काय संबंध, हेही कोणी सांगत नाही.

सहावा महिना, सव्विसावा दिवस

टोफूवाली गान्नान आज आपलं भाताचं पितळी पातेलं मागायला आली. बारा भाग तिने मातीच्या मडक्यात भात शिजवून वाचले, नवऱ्याची बोलणी खाऊन. असं गिऱ्हाईक गेलं की भिंत गेल्यासारखं वाटतं.

"पितरांच्या पौर्णिमेला अजून महिना-दीड महिना आहे," मी म्हटलं. "तेव्हा ने की."

"आत्ताच नेते. पौर्णिमेला सगळ्या एकदम येतील, तुझ्या दारात चेंगराचेंगरी होईल."

"पौर्णिमेनंतर परत आणशील ना?"

"कशाला? पुलापलीकडच्या दुकानात नेऊन ठेवीन. तिथे त्यांच्या गोष्टीत तिसऱ्या पानाला मुडदा पडतो."

"आपल्या गोष्टीत दहाव्या भागात सुरा..."

"त्या सुऱ्याचं नाव काढू नकोस हं ताई!" तिचा आवाज असा चढला की कुत्रं उठून बसलं. "त्या रात्री मी झोपले नाही. टोफू नासला माझा. आणि सकाळी मुळा? मी जेवण वाचायला नाही येत तुझ्याकडे. जेवण मी दिवसभर विकते. मला त्या पोरीचा बाप जिवंत आहे की नाही तेवढं सांग."

"मला नाही माहीत गं."

"तुला नाही माहीत?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग तू पण आमच्यातलीच की! आणि आम्ही तुला डुकरीण म्हणतो."

चित्र कोणी काढलं ते कळलं.

पातेलं काखेला मारून गेली. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला पितरांना नैवेद्य दाखवायला प्रत्येक घराला आपली पितळी भांडी लागणार. दरवर्षी नेतात आणि चौथ्या दिवशी परत आणतात, पुढच्या भागासाठी. यंदा पुढच्या भागासाठी कोण आणेल? मासा पूर्ण व्हायचाय म्हणून? पौर्णिमेनंतर माझ्या फळीवर फक्त धूळ राहील, आणि धूळ कोणी तारण ठेवत नाही. पौर्णिमेआधी शेवट हातात आला नाही तर हे दुकान बंद. सासऱ्यांनी सुरू केलेलं. नैवेद्य दाखवताना त्यांना मी काय सांगू, लोणच्याने खाल्लं?

सातवा महिना, तिसरा दिवस

तेराव्याची पहिली प्रत परत आली. दुसऱ्या कोणाकडे गेलेली नाही, फक्त नामगुंगांकडे. उघडून बघते तर शेवटच्या पानापर्यंत कोपरे मळलेले! पानांना काढ्याचा वास. सबंध शहरात एक बाई ते जेवण शेवटपर्यंत वाचते, तीही अंथरुणावरून.

आणि शेवटच्या पानाच्या समासात, थरथरत्या अक्षरात: "लांबवणाऱ्या हाता, दमलास ना? मीही दमले. आता पोचव."

आता मोठ्या घरच्या बायकाही समासात लिहायला लागल्या. त्यांना वाटतं, काडी ठेवली म्हणजे मला तू म्हणायचा हक्क मिळाला. माझा हात दमला की नाही याची चौकशी करायची असेल तर पानांना तेल लावायला या म्हणावं.

ह्यांना दाखवलं. पान उजेडाला धरून त्यांनी ओळ वाचली. मग म्हणाले, "हे तुला नाही लिहिलेलं."

"मग काय माशाला?"

ते नक्कल करायला बसले. कधीकधी हा माणूस शाईच्या दगडासारखा आहे. कितीही घासा, आतून काही निघत नाही.

सातवा महिना, आठवा दिवस

ठरवलं. पंडित लिहीत नसेल तर आम्ही लिहू. ह्यांना म्हटलं, "वीस वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी नकलता आहात, एक शेवट नाही जमणार? सोरान उठते, हात धुते, सीमेवर जाते, बाप भेटतो, दोघं रडतात. झालं."

"आणि नावाडी?"

"बुडवा त्याला."

"माझ्याच्याने व्हायचं नाही."

"का?"

"मी अक्षर काढतो. ती अक्षरामागे बसलेली असते. ते दुसऱ्याला लिहिता येत नाही."

"ती कोण?"

"गोष्ट," ते म्हणाले, आणि कुंचला धुवायला विहिरीवर गेले. कुंचला धुतलेलाच होता.

मी स्वतः प्रयत्न केला. "सोरान उठली." पुढे तासभर बसले. उठली तर खरी, पण दाराकडे जाईना. मला त्या पोरीचा चेहराच दिसत नाही. दिसतो तो तिचा वाडगा, त्यातला भात, भाताची वाफ. इतकं वाचलंय ना ते. मेल्या पंडिताने मलाही तिथेच बसवून ठेवलंय. उगाच कोणाला सांगू नये, पण तो मासा वाचताना परवा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

तो कागद चुलीत घातला. ह्यांनी बघितलं, पण हसले नाहीत. तेच जास्त लागलं.

सातवा महिना, पंधरावा दिवस

चौदावा भाग घेऊन मी स्वतः नामगुंगांकडे गेले. समासात लिहिल्याबद्दल चार गोष्टी सुनावायच्या, आणि साम्वोल नसताना पंडिताचा पत्ता काढायचा, असा बेत. मागच्या दाराने गेले. कौलं मोठी, पण त्यांवर गवत उगवलेलं. अंगण झाडलेलं, चूल थंड. मोठं घर म्हणतात ते हेच का, असं वाटलं. साम्वोल दारातच आडवी आली.

"काकू, परत जा. आज नको."

"मग कधी? तुझे पंडितजी जेवून उठले की?"

आतून आवाज आला, बारीक, पण धारदार. "साम्वोल, कोण आहे? भांडायला आली असेल तर आत पाठव. हिवाळ्यापासून माझ्याशी सगळे गोडच बोलतायत."

खोलीत काढ्याचा वास. गादीवर बाईसाहेब. माणूस कसला, पांघरुणाची एक सुरकुती होती. डोळे तेवढे जिवंत. शेजारी त्यांची सून, तिशीची असेल, विधवेचे पांढरे कपडे, मान खाली. मी सांगितलं मी कोण.

"म्हणजे कापणारी तूच!" बाईसाहेब म्हणाल्या. "दोन वर्षं तुला शिव्या घालतेय. बस. चौदावा आणलास? सूनबाई, वाच."

भांडायचं राहिलं बाजूला, मीही ऐकत बसले. सून वाचायला लागली. हळू, एकसारखा आवाज. मासा आला, मावशी आली, भरतकाम आलं. माझ्या मनात होतं, आता ही जांभई देईल, मग मी बोलेन. पण काय झालं, साम्वोलने दारातून काढा पुढे केला, सुनेने वाटी घ्यायला मान वळवली, आणि वाचणं थांबलं नाही. पान तिच्या मांडीवर, डोळे वाटीवर, आणि मावशीच्या हातची लाल पाखरं एकामागून एक तोंडातून बाहेर. एक शब्द इकडचा तिकडे नाही. वाटी धरलेल्या बोटावर शाई. आमच्या ह्यांच्या बोटाला असते तशी, धुऊन न जाणारी.

हा भाग दोनच दिवसांपूर्वी मी शिवला. माझ्या घराबाहेर, लिहिणाऱ्याशिवाय, आजवर कोणी पाहिलेला नाही.

मी इतके दिवस पंडिताला शिव्या देतेय!

बाईसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सूनबाई, विहिरीचं ताजं पाणी आण बरं. साम्वोलच्या हातचं नको." सून उठून गेली. साम्वोलही गेली.

"कळलं ना?" बाईसाहेब म्हणाल्या.

"बाईसाहेब, तुम्हाला कधीपासून..."

"पहिल्या भागापासून. सोरान भांडते ना, ते माझं भांडण आहे. शब्दसुद्धा माझे. मुलगा गेल्यावर या घरात एवढा एकच जिवंत आवाज राहिला. माझी काडी विकायला काढली तेव्हा तिनेच तुझ्याकडे ठेवायला लावली. म्हणाली, पुस्तक तरी येईल घरात."

"मग तिला सांगा ना, की तुम्हाला माहीत आहे."

"शहाणीच आहेस! नामगुंगांची सून भाड्याच्या दुकानाला गोष्टी लिहून देते, हे सासूला कळलं तर सासूने काय करायला हवं? रागवायला हवं. कोंडून ठेवायला हवं. मला रागवता येत नाही. म्हणून मला माहीत नाही." त्यांना धाप लागली. मी पाठीला हात लावला. पाठ कुठली, नुसत्या फासळ्या. "मी एकदा बोलून गेले, सोरानला बाप भेटेपर्यंत डोळे मिटणार नाही. तेव्हापासून ही पोर त्या खानावळीतून तिला हलू देत नाही. दिवसभर माझं करते आणि उरलेल्या वेळात ताटं वाढत बसते. डोळे बघितलेस तिचे?"

"तिला वाटतं, शेवट आला की तुम्ही..."

"मी जाणारच आहे गं. मासा असो नसो. पण ऐकून जाऊ दे. इतकी वाट बघायला लावून अर्ध्यात पाठवायचं, हे तुझ्यासारख्या कापणारीला तरी बरं वाटतं का?"

मी त्यांचं पांघरूण वर ओढलं. 

"माझं ती ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. "मी घाई केली तर म्हणेल, उद्या, उद्या. पण दुकानवाली हावरट आहे हे सगळ्या शहराला माहीत आहे. तुझ्या हावेपुढे तिचं काही चालणार नाही. तू माग. पंडिताकडे माग, तिच्याकडे नको. आणि कान आहेत तोवर माग."

पाणी आलं. मी उठले. जाताना सुनेला म्हटलं, "वाचता छान. पण गोष्ट भिकार आहे. तुमच्या साम्वोलच्या ओळखीचा तो पंडित दिसला तर सांगा."

ती लाल झाली. बाईसाहेब पांघरुणात तोंड घालून खोकल्या. खोकला नव्हता तो.

सातवा महिना, सोळावा दिवस

"तुम्हाला माहीत होतं," मी ह्यांना म्हटलं.

"पुरुषाने लिहिलेल्या गोष्टीत भात कोणी शिजवलेला नसतो," ते म्हणाले. "नुसता समोर येतो. हिच्या गोष्टीत आधी तांदूळ धुतात."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. तू ओरडलीस."

सातवा महिना, सतरावा दिवस

काही लिहवत नाही. एकीकडे दुकान आहे. तेही खोटं नाही, मी काही देवी नाही. शेवट आला की पौर्णिमेनंतर भांडी परत येतील. दुसरीकडे, मी मागितलेला शेवट त्या घरात पोचला आणि आठवड्याभरात दाराला सुतकाचा पांढरा कंदील लागला, तर ती पोर जन्मभर म्हणेल, दुकानवालीने घाई केली. म्हणेल तर म्हणू दे. समासात एक ओळ आणखी.

पण माझा धंदा कापायचा आहे. पोचवायचा नाही. मला जमेल का?

सातवा महिना, एकोणिसावा दिवस

आज साम्वोलच्या हाती चिठ्ठी दिली. आमच्या ह्यांनी शुद्धलेखन बघितलं, बाकी सगळं माझं आहे. त्यांनी तीन ठिकाणी "जरा मऊ करू का" विचारलं. नको म्हटलं. मऊ केलं तर तिला संशय येईल. तिला मी जशी माहीत आहे तशीच मी असायला हवी. इथे उतरवून ठेवते:

"नदीपलीकडचे पंडितजी, तुम्ही पुरुष माणूस, चार पुस्तकं शिकलेले, मी चुलीपाशी वाढलेली बाई. तरी सांगते. तुमचा भाजलेला मासा शहरात कोणी खात नाहीये. गिऱ्हाइकं भांडी घेऊन पुलापलीकडे चाललीत. मला त्यांची दया येत नाही, माझी येते.

तुम्ही म्हणाल, शेवट आला की वाचक हातचा जातो, म्हणून रोखून धरलाय. मीही हेच मानायचे, आणि या बाबतीत मी तुमच्यापेक्षा मोठी चोर आहे. पण मी रोज पानांचे कोपरे बघते. शेवट वाचून गेलेलं माणूस परत येतं. पहिलं पान पुन्हा मागतं, शेजारणीला सांगतं, सुनेला सांगतं. जो अर्ध्यात उठून गेला त्याचा मात्र पुन्हा पत्ता नसतो. वाचक घालवायचा असेल तर हा असा बसवून ठेवा खानावळीत.

सोरानला उठवा. तिला भूक नाहीये आता. ती तुमच्या आग्रहाखातर जेवतेय.

बाप जिवंत ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. पण भेट होऊ द्या, आणि ती मोकळेपणाने, पानं पुरवून, घाई न करता लिहा. हा एक भाग मी कुठेही कापणार नाही. एका बैठकीत वाचून होईल असा शिवीन. पहिली प्रत नेहमीच्याच घरी जाईल.

लिहिणार नसाल तर माझा शेवट तयार आहे. सोरान हात धुवायला बाहेर येते, आणि खानावळीमागून वाघ येऊन तिला, नावाड्याला, माशाला आणि त्या मावशीला खाऊन टाकतो. मी तो नकलून घेऊन शहरभर पाठवीन. मी डुकरीण आहे, माझ्याकडून काही चांगल्याची आशा धरू नका.

या महिन्याच्या शेवटच्या दिवशी साम्वोल टोफू आणायला बाहेर पडेल, तेव्हा तिच्या हाती एका शब्दात उत्तर हवं. बाप की वाघ?"